रायफलला नवा स्टॉक घेण्याआधी

गेल्या मे महिन्यात एका रात्री दहाला भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तो टेक्सासात असतो. तिकडे दुपार व्हायला आली होती, इकडे आम्ही कूलरपुढे आडवे झालो होतो. "मामा, रायफलचा स्टॉक बदलतोय. तीन काढून ठेवलेत, कोणता घेऊ ते सांग," असं म्हणून त्याने एकामागून एक फोटो दाखवायला सुरुवात केली. स्टॉक म्हणजे नळी ज्यात बसते आणि जो खांद्याला-गालाला लागतो तो रायफलचा सांगाडा. एक अक्रोडाचा, एक करड्या-काळ्या पट्ट्यांचा लॅमिनेटचा, एक प्लास्टिकचा. गांधीबागेत साडी घ्यायला बसल्यासारखं चाललं होतं. मी विचारलं, "आत्ताच्या स्टॉकवर तुझा गाल कुठे टेकतो?"

तो म्हणाला, "मतलब?"

त्या "मतलब"पायी पुढचा दीड तास गेला. त्यातलंच बरंचसं इथे लिहितो आहे.

त्याची रायफल म्हणजे रुगर १०/२२. पॉइंट टू-टू (०.२२ इंची) रिमफायर, म्हणजे काडतुसाच्या कडेवर ठोका बसून उडणारी, सेमी-ऑटो. ट्रिगर एकदा दाबला की एक गोळी सुटते, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि पुढची गोळी आपोआप चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या कप्प्यात, चढते. १९६४ साली ही रायफल अमेरिकेत बाजारात आली आणि अजून विकली जाते. तिथे या एका रायफलसाठी इतक्या कंपन्या स्टॉक बनवतात की माणूस गोंधळला नाही तरच नवल.

आपल्याकडचा मामला वेगळा. शस्त्र नियम २०१६ मध्ये सेमी-ऑटो रायफल कडक वर्गात मोडते, तिच्यासाठी साध्या परवान्याचा विचारही करू नका. नागपुरात नेमबाजी शिकणाऱ्या दहातल्या नऊ पोरांच्या हातात १० मीटरची एअर रायफल असते. ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठी नळी नाही आणि ऊर्जा २० ज्यूलच्या आत, अशा एअर रायफलला परवाना लागत नाही. मॅचची एअर रायफल तर साडेसात ज्यूलच्या आसपासच असते. त्यापुढे ज्यांच्याकडे परवाना आहे किंवा क्लबची सोय आहे, त्यांच्याकडे बोल्ट-अ‍ॅक्शनची, म्हणजे दर गोळीला बोल्ट हाताने मागे-पुढे करावा लागणारी, पॉइंट टू-टू. पण खांदा, गाल, तळहात, बोट आणि डोळा यांचं रायफलशी नातं तिकडे टेक्सासात असतं तेच इथे असतं. म्हणून खाली भाच्याची रायफल आणि आमच्या रेंजवरच्या एका नववीतल्या मुलीची एअर रायफल, दोन्ही येतील. दोघांचा प्रश्न एकाच आठवड्यात आला होता, आणि दोघांनीही सुरुवात शेवटच्या टोकाकडून केली होती.

आधी रायफल रिकामी

मोजमाप असो, स्क्रू सैल करणं असो की नुसती पोझिशन घेऊन बघणं, त्याआधी मॅगझिन काढायचं, बोल्ट मागे ओढून चेंबर डोळ्यांनी बघायचं आणि करंगळी घालून चाचपायचं. या क्रमानेच. आधी बोल्ट ओढला आणि नंतर मॅगझिन काढलं तर सेमी-ऑटोत बोल्ट पुढे जाताना नवी गोळी चेंबरमध्ये चढलेली असते. एअर रायफलचा बोल्ट उघडा ठेवून सेफ्टी फ्लॅग घालायचा. गोळ्या आणि पेलेट (एअर रायफलचे छर्रे) दुसऱ्या खोलीत. घरी सराव करत असाल तर नळीचं तोंड पक्क्या भिंतीकडे, दाराकडे नाही. एवढं झालं की पुढे.

दोष स्टॉकचाच आहे का?

त्या मुलीचे वडील माझ्याकडे आले ते मोबाइलवर अ‍ॅल्युमिनियमच्या स्टॉकचा फोटो घेऊनच. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पडून आणि उभ्याने) कांस्य मिळवलं, त्यानंतर ठिकठिकाणी स्क्रू आणि सरकत्या पट्ट्या असलेले ते सांगाडे पालकांच्या डोळ्यांत भरलेत. "सर, हे घेऊन दिलं तर स्कोअर वाढंल ना?" मी म्हटलं, आधी पोरीला उभी करा.

ती उभी राहिली आणि दुखणं लगेच दिसलं. रायफल खांद्याला लावली की मान पुढे आणि खाली, तलावाकाठच्या बगळ्यासारखी. गाल चीकपीसवर, म्हणजे स्टॉकच्या गाल टेकवायच्या भागावर, टेकतच नव्हता, जबड्याचं हाड कसंबसं लागत होतं. दहा शॉटनंतर मान थरथरायची.

खालच्यापैकी काय होतंय ते आधी वहीत लिहून काढा. मान ताणली जाते का? प्रत्येक शॉटला गाल नव्या ठिकाणी पडतो का? बट (स्टॉकचं खांद्याला लागणारं टोक) खांद्यावरून निसटतो का? ट्रिगरपर्यंत बोट ताणावं लागतं, की उलट बोट आत घुसून पेर ट्रिगरवर येतं? ग्रिप धरताना मनगट मुरडतं का? यातलं काहीच होत नसेल आणि गोळ्या तरी विखुरत असतील, तर स्टॉकचे पैसे वाचवा. चांगल्या पेलेटचे दोन-तीन प्रकार आणून बघा, नाहीतर ट्रिगर सुधारा. नुसता देखणा हवा म्हणून स्टॉक घ्यायलाही माझी ना नाही, पण मग स्कोअरचं नाव काढायचं नाही.

पुठ्ठा, फोम आणि क्रेप बँडेज

नवा स्टॉक विकत घेण्याआधी तो जुन्याच स्टॉकवर तयार करून बघायचा. योगा मॅटचा जुना तुकडा, बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा आणि मेडिकलमधलं चार इंची क्रेप बँडेज एवढं पुरे. पॉलिश केलेल्या लाकडावर काळी टेप थेट चिकटवू नका, उन्हाळ्यात तिचा गोंद वितळून लाकडात बसतो.

मुलीला पूर्ण जॅकेट घालायला लावलं. टी-शर्टवर घेतलेलं माप काही कामाचं नाही. मग डोळे मिटून रायफल उचलायला सांगितली. मान सरळ, गाल आपसूक जिथे पडेल तिथे. आता डोळे उघड.

"काय दिसतं?"

"सर, पुढचं गोल अर्धं कापल्यासारखं."

मागच्या साइटच्या, म्हणजे डायऑप्टरच्या, भोकातून पुढच्या साइटचं वर्तुळ आणि त्यात टार्गेटचा काळा ठिपका, सगळं एकात एक बरोबर बसायला हवं. वर्तुळ कापलेलं दिसतंय म्हणजे डोळा रेषेत नाही. चीकपीसवर योगा मॅटची एक पट्टी ठेवली, वर बँडेज गुंडाळलं. पुन्हा डोळे मिटून. "थोडं कमी कापलंय." दुसरी पट्टी. तिसरी पट्टी ठेवल्यावर ती काहीच बोलली नाही, नुसती तशीच उभी राहिली. मान सरळ होती. बाजूने बँडेज दाबून पट्टीने माप घेतलं तर १४ मिलिमीटर. वहीत तारखेसकट लिहून ठेवलं. हा आकडा तिच्या नव्या स्टॉकची पहिली अट.

डोळे मिटणं इथे फार महत्त्वाचं. उघड्या डोळ्यांनी रायफल उचलली की मान स्वतःच जुळवून घेते आणि तुम्हाला वाटतं की सगळं बरोबर आहे.

भाच्याचं दुखणं याचंच भावंड निघालं. त्याच्या रायफलला मुळात उघड्या साइट आहेत आणि कारखान्यातून आलेला स्टॉक त्या बुटक्या साइटच्या हिशेबाने खाली उतरलेला. त्याने वर स्कोप चढवला, डोळ्याची रेषा तीन-चार सेंटीमीटर वर गेली आणि गालाऐवजी हनुवटी टेकवायची पाळी आली. त्याने पसंत केलेल्या अक्रोडाच्या स्टॉकची गालाची उंची जुन्याइतकीच होती. तो सगळ्यात सुंदर होता आणि यादीतून सगळ्यात आधी तोच गेला.

लांबी

ट्रिगरच्या मधल्या भागापासून बटच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर, त्याला नेमबाज लेंथ ऑफ पुल म्हणतात. कोपर काटकोनात वाकवून बट दंडाच्या खोबणीत टेकवायचा आणि बोट ट्रिगरवर येतं का पाहायचं, ही जुन्या लोकांची पद्धत. अंदाजाला ठीक आहे. पण तीवर पैसे खर्चू नका, कारण मान किती लांब, खांदे किती रुंद, जॅकेट किती जाड हे तिला कळत नाही.

खरी कसोटी डोळ्याची. डायऑप्टर असेल तर मी पोरांना डोळा आणि भोक यांच्यात ५ ते ८ सेंटीमीटर ठेवायला सांगतो. त्याहून जवळ आलं की पापणी लागते, लांब गेलं की भोकातून नको तेवढं जग दिसतं. स्कोप असेल तर सहसा ८ ते १० सेंटीमीटरवर चित्र पूर्ण भरतं. स्टॉक लांब असेल तर माणूस तोल सांभाळायला पाठीतून मागे झुकतो. आखूड असेल तर ट्रिगरच्या हाताचा अंगठा नाकाशी येतो.

बाजारातले मोठ्यांसाठीचे स्टॉक साधारण साडेतेरा इंचांच्या, म्हणजे ३४ सेंटीमीटरच्या आसपास असतात. ते अमेरिकन आणि युरोपियन अंगलटीला धरून. भाचा पाच फूट चार इंच. त्याला १३ इंचांच्या आतलाच बसत होता. आखूड पडला तर बटच्या टोकावरच्या बटप्लेटमागे पातळ चकत्या घालून लांबवता येतो. लांब पडला तर कापावा लागतो, आणि कापलेलं परत येत नाही. म्हणून मधल्या मापात अडकलात तर आखूड घ्या.

ग्रिप आणि ट्रिगरचं अंतर

याच्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही, आणि माझ्या मते गुण सगळ्यात जास्त इथेच सांडतात. तळहात ग्रिपवर पूर्ण टेकवा, धरताना जोर लागायला नको. आता तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर ठेवा. मधल्या सांध्यापासून पुढचं बोट नळीच्या रेषेशी काटकोनात हवं, आणि बोटाची बाजू लाकडाला चिकटता कामा नये. चिकटली की ट्रिगर दाबताना बोट लाकडालाही ढकलतं आणि शॉट आडवा पळतो. दिसायला एवढीशी गोष्ट, पण १० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे.

हात लहान असेल तर जाड ग्रिप घेऊ नका. घाम येणाऱ्या हाताला गुळगुळीत वार्निशही नको. खरखरीत रेघा पाडलेली किंवा नुसतं तेल दिलेली लाकडी ग्रिप नागपूरच्या घामाला बरी पडते. रबराचा लेप असलेले स्टॉक पहिल्या दिवशी हातात छान बसतात, पण आपल्याकडच्या दोन-तीन उन्हाळ्यांत त्यांना चिकटपणा येतो.

बट आणि फोरएंड

उभ्याने मारताना बटप्लेट खाली सरकवली की रायफल डोळ्याकडे वर येते आणि मान वाकवावी लागत नाही. म्हणजे बटप्लेट किती खाली जाते ते स्टॉक घेण्याआधी विचारा. पडून मारणाऱ्याला तेवढी गरज नाही.

फोरएंडची, म्हणजे स्टॉकच्या नळीखालच्या पुढच्या भागाची, खोली हाताच्या लांबीवर ठरते. उभ्याने डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं, मग तळहात किंवा मूठ जिथे येते तिथे फोरएंडचा तळ हवा. कमी पडलं तर रायफल खाली राहते आणि पाठ वाकते. मुलीला इथे कमी पडत होतं, तर पुठ्ठ्याचे सहा थर बांधून तेही मोजलं. मॅचमध्ये ही खोली किती चालते याची मर्यादा नियमात आहे, मनाला येईल तेवढी वाढवता येत नाही.

वजन

आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, नियमाप्रमाणे १० मीटर एअर रायफल सगळ्या सामानासकट ५.५ किलोच्या आत हवी. पालक हा आकडा कमाल मर्यादा न समजता लक्ष्य समजतात. ४० किलोच्या मुलीच्या हातात ५.३ किलोची रायफल दिली तर ती साठ शॉटच्या मॅचमध्ये चाळिसाव्याला कमरेतून कोसळते. जड रायफल स्थिर राहते हे खरं, पण ती धरणारा स्थिर राहिला तर. वजन कुठे आहे हेही बघा. डाव्या हाताच्या किंचित पुढे तोल पडला तर उभ्याने बरं. फार पुढे गेला की खांदा भरून येतो.

लाकूड, लॅमिनेट, प्लास्टिक की धातू

इथे जरा थांबतो. परदेशातले सल्ले नागपूरला जसेच्या तसे चालत नाहीत.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, हवा कडकडीत कोरडी. जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी लागते. लाकूड हे सगळं अनुभवतं. लांबीला ते फारसं हलत नाही, रुंदीला फुगतं आणि आकसतं. त्यात आपला कूलर. बाहेर ४५ अंश आणि आत खसाचा ओलावा. ज्या खोलीत कूलर चालतो त्याच खोलीत रायफल ठेवली तर तिच्यासाठी भर मे महिन्यात पावसाळा सुरू झालेला असतो. स्क्रूवर लाल डाग दिसायला लागतात ते त्यामुळेच. रायफल कूलर नसलेल्या खोलीत, बंद कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि कुलूप लावा.

माझं स्वतःचं सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या बोल्ट-अ‍ॅक्शन पॉइंट टू-टूला एका विक्रेत्याकडून अक्रोडाचा स्टॉक घेतला. मार्च महिना होता. नळी आणि लाकूड यांच्यात कागद जेमतेम सरकत होता, मी म्हटलं काय सुबक काम आहे! ऑगस्टमध्ये गोळ्या एका बाजूला सरकायला लागल्या, तेही दहा-बारा शॉटनंतर, नळी तापली की. दोन महिने मी साइटवर, गोळ्यांवर आणि डोळ्यांच्या डॉक्टरवर संशय घेत फिरलो. शेवटी बटप्लेट उघडली तर खालचं लाकूड अगदी कोरं, वार्निशचा थेंब नाही. आडव्या कापलेल्या तोंडातून लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं. बाकी स्टॉक चकचकीत आणि मागचं-पुढचं अशी दोन्ही तोंडं उघडी. फोरएंड फुगून उजवीकडून नळीला टेकलं होतं. परवाना असलेल्या कारागिराने खाच रुंद केली, मी आतल्या बाजूला आणि तोंडांना तीन हात तेल दिलं, आणि गोळ्या परत जागेवर आल्या. तेव्हापासून कोणताही लाकडी स्टॉक हातात आला की मी आधी बटप्लेट काढून बघतो. नळीभोवती दीड मिलिमीटर मोकळीक असेल तरच त्याला चांगला म्हणतो.

लॅमिनेट म्हणजे पातळ थर गोंदाने दाबून बसवलेले. आपल्या हवेत ते अखंड लाकडापेक्षा बरंच कमी हलतं. जड असतं, आणि ते रंगीत पट्टे सगळ्यांना आवडत नाहीत. मला लाकूडच हवं म्हणणाऱ्याला मी हेच सुचवतो. बीच स्वस्त पडतं पण दमटपणाला फार हलतं.

प्लास्टिकला पाऊस-ऊन लागत नाही. मात्र स्वस्त प्लास्टिकचा फोरएंड मऊ असतो. स्लिंग (हाताला अडकवायचा पट्टा) ताणून किंवा बायपॉडवर (दोन पायांच्या टेकूवर) टेकवून एक हात पुढच्या भागावर दाबून बघा. फोरएंड वाकून नळीला टेकत असेल तर ठेवून द्या.

अ‍ॅल्युमिनियममध्ये सगळं सरकवता येतं हाच त्याचा खरा फायदा. वाढत्या वयाच्या पोरांना आणि तिन्ही पोझिशन मारणाऱ्यांना त्याचा उपयोग आहे. एकच पोझिशन मारणाऱ्या मोठ्या माणसाने तेवढ्यासाठी एवढे पैसे घालावेत असं मला वाटत नाही. आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीतून काढून लगेच गाल लावू नका, तवा आणि तो यांत फरक राहत नाही.

दरवर्षी कोणीतरी विचारतो, लकडगंजातून सागवान आणून सुताराकडून करून घेऊ का? सागवान हवामानाला टिकतं यात शंका नाही. पण त्यात नैसर्गिक तेल असतं, इपॉक्सी नीट धरत नाही, आणि अ‍ॅक्शन (बोल्ट आणि ट्रिगरचा भाग) बसवायची खाच मिलिमीटरच्या अंशाने कोरावी लागते. शिवाय परवान्याच्या बंदुकीची दुरुस्ती किंवा फेरफार करायलाही शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो. सुताराकडून भिंतीवरचा स्टँड करून घ्या, तो छान करतो.

सेमी-ऑटोच्या खास खोडी

भाच्यासारख्यांसाठी थोडं वेगळं. रुगर १०/२२ चा सगळा डोलारा स्टॉकला एकाच स्क्रूने धरलेला असतो, मॅगझिनच्या खाचेच्या पुढे. कार्बाइन प्रकारात पुढे नळीभोवती एक पट्टा असतो, बस. नळी अ‍ॅल्युमिनियमच्या रिसीव्हरला (बोल्ट ज्यात सरकतो ती पेटी) पुढून व्ही-आकाराच्या ठोकळ्याने आणि दोन स्क्रूंनी अडकवलेली. जाड, जड नळी लावली तर तिचं वजन त्या एका सांध्यावर लोंबतं. म्हणून स्टॉक घेताना तुमच्या नळीची जाडी आधी मोजा. बारीक नळीचा स्टॉक जाड नळीला बसत नाही, आणि जाड नळीच्या स्टॉकमध्ये बारीक नळी बोळात उभ्या सायकलसारखी दिसते.

काढताना मॅगझिन बाहेर, चेंबर तपासलं, पट्टा सैल केला, स्क्रू काढला. आता सेफ्टीचं बटण बरोबर मध्यावर ठेवायचं, ना इकडे ना तिकडे. नाहीतर ते लाकडाला अडतं आणि माणूस जोर लावून स्टॉकचा टवका उडवतो. पुढून वर उचलायचं. बसवताना मागची बाजू आधी. आणि हे सगळं जुन्या टॉवेलवर करा, कारण स्टॉकमधून बाहेर आल्यावर ट्रिगर धरणाऱ्या आडव्या पिना आपसूक घरंगळतात. भाच्याने कॉल चालू असताना टाइल्सवर केलं. एक पिन फ्रिजखाली गेली. अर्धा तास मी नागपुरातून फ्रिजचा तळ बघत होतो.

नवीन स्टॉकमध्ये बसवल्यावर रिकाम्या रायफलीचा बोल्ट हाताने दहा वेळा पूर्ण मागे-पुढे करून बघा. बोल्टचा दांडा कुठे घासतो का, मॅगझिन बोटाने दाबून निघतं का, सेफ्टी दोन्ही बाजूंना पूर्ण जाते का. डावखुऱ्याने एक लक्षात ठेवावं. पुंगळ्या उजवीकडे उडतात, म्हणजे त्याच्या तोंडापुढून. स्टॉक डाव्या हाताचा घेतला तरी हे बदलत नाही. चष्मा घालाच.

मॅच खेळणाऱ्यांनी

स्टॉक घेण्याआधी नियमांचं पुस्तक उघडा. एअर रायफलला अंगठ्याचं भोक असलेला स्टॉक चालत नाही. तळहाताचा टेकू आणि पाणसळही नाही. भोकाचा स्टॉक घेऊन आलेली पोरं साहित्य तपासणीच्या टेबलावरून रडत परत गेलेली मी पाहिली आहेत. मोबाइलवर ज्या स्टॉकला सगळे वाहवा म्हणतात ते बरेचदा शिकारीचे किंवा नुसत्या हौसेचे असतात.

विकत घेणं

शस्त्र कायदा १९५९ मधली "शस्त्रा"ची व्याख्या सुट्या भागांनाही लागू होते. परदेशातल्या साइटवरून ऑर्डर केली आणि कुरिअरने आलं, इतकं ते सोपं नाही. पार्सल कस्टममध्ये अडकून बसेल. परवानाधारक विक्रेत्याकडून, पावती घेऊन घ्या. आयात करायचीच असेल तर आधी आपल्या असोसिएशनला विचारा. भाच्यालाही हेच बजावलं: तिकडे मिळतंय म्हणून सुट्टीवर येताना मामाला बॅगेत काही घालून आणू नकोस.

विचारायचे प्रश्न थोडेच. माझ्या रायफलच्या नेमक्या मॉडेलला आणि सालाला बसतो का? लांबी किती ते किती? चीकपीस किती मिलिमीटर वर जातं? मी १४ मिलिमीटरचा आकडा घेऊन दुकानात जातो. "भाऊ, सगळ्यांना बसते" असं उत्तर आलं की परत फिरतो.

बसवल्यावर

स्क्रू टॉर्कच्या पान्याने, रायफलच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याइतके आवळा. अंदाजाने नाही. मग स्क्रू आणि लाकूड दोघांवरून नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटली की स्क्रू हलला. दहा रुपयांची नोट नळीखालून पुढून मागे सरकवा, अडली नाही पाहिजे. स्टॉक बदलला की झिरो (साइट आणि गोळी यांचा जुळवलेला मेळ) बदलतोच, घाबरू नका, परत करा.

चाचणी अशी. बदलण्याआधी त्याच रायफलने, त्याच पेटीतल्या गोळ्यांनी, टेकू देऊन पाच-पाच शॉटचे पाच गट मारून टार्गेट जपून ठेवा. नंतर पुन्हा तेच. पॉइंट टू-टूची रायफल गोळ्यांच्या लॉटबद्दल फार नखरेल असते, मध्येच लॉट बदललात तर फरक स्टॉकचा की गोळीचा हे कळणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. आज चीकपीस, तर लांबी पुढच्या आठवड्यात. प्रत्येक सरकत्या पट्टीवर पेन्सिलीची खूण करा आणि आकडा वहीत लिहा. वाढत्या पोरांची मापं दर तीन महिन्यांनी परत घ्या, उंची वाढली की सगळे आकडे शिळे होतात.

भाच्याने शेवटी प्लास्टिकचाच घेतला, उंच चीकपीस आणि बटमागे घालायच्या चकत्या असलेला. पुढच्या रविवारी त्याने ५० यार्डांवरची दोन टार्गेटं पाठवली, जुन्या स्टॉकचं आणि नव्याचं. गट थोडासाच लहान झाला होता, पण पाचही गट एकाच जागी होते. आधी ते टार्गेटभर हिंडत होते.

मुलीच्या वडिलांचे पैसे वाचले. क्लबच्या रायफलचं चीकपीस मुळात वर-खाली होणारंच होतं. खालचा स्क्रू कूलरच्या खोलीत राहून गंजून बसला होता आणि तो सरकतो हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. दोन थेंब तेल सोडून रात्रभर ठेवलं, सकाळी ॲलन कीने फिरला. १४ मिलिमीटर वर घेतलं आणि पेन्सिलीने रेघ मारली. फोरएंडचे पुठ्ठे मात्र अजून बांधलेलेच आहेत, त्या जागी लाकडी ठोकळा बसवायचं काम कारागिराकडे दिलंय.